बॉक्स रूममधला मुलगा आणि चौथ्या मंगळवारचा मित्र

*ताई, मी मूळची मिरजेची. तिथं नर्स होते. २०२३ मध्ये केअर वर्करच्या व्हिसावर इंग्लंडला आले, मागोमाग नवरा आणि मुलगी आली. मिडलंड्समधल्या एका गावात ‘सपोर्टेड लिव्हिंग’च्या घरात सीनियर म्हणून काम करते. घरात तिघं राहतात, तिघांनाही बौद्धिक अपंगत्व आहे. त्यातल्या एकांना मी काकाच म्हणते. ५४ वर्षांचे आहेत, गावातल्या सगळ्या बसचं वेळापत्रक तोंडपाठ. तीन महिन्यांपासून त्यांच्याकडं एक ‘मित्र’ येतो. बेनिफिटचे, म्हणजे सरकारी मदतीचे, पैसे दर चौथ्या मंगळवारी जमा होतात, त्या दिवशी हा हजर. दोन-तीन दिवस मुक्काम. तो काकांच्या पलंगावर आणि काका खुर्चीत झोपलेले. मॅनेजर म्हणतात, घर त्यांचं, मित्र त्यांचा, आपण कोण बोलणार?*

*दुसरं म्हणजे आमच्याकडं एक मुलगा कामाला आहे, जत तालुक्यातला. २०२४ च्या सुरुवातीला आला, एजंटला १६ लाख देऊन. आधी कंपनीच्या दुसऱ्या घरात होता, आता आम्ही काम करतो त्याच घरातल्या बॉक्स रूममध्ये, म्हणजे छोट्याशा जादा खोलीत, राहतो. त्याचे आठवड्याला १२० पौंड पगारातून कापतात. काम ७० तास, पगार ३९ तासांचा. पासपोर्ट मॅनेजरकडं. नवरा म्हणतो, आपण भलं आणि आपलं काम भलं. माझाही व्हिसा ह्याच कंपनीवर आहे. बोलू की गप्प बसू? आणि ह्याला ‘गुलामगिरी’ म्हणणं जरा अतीच नाही का? मला अगं-तुगं केलंत तरी चालेल. — स.*

प्रिय स.,

अगं-तुगंच करते. आणि तुझ्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण बाकीचे प्रश्न तिथंच अडलेत.

गुलामगिरी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं साखळदंड येतात. पण तू मिरजेची, दसऱ्याच्या सुमाराला ऊसतोडीच्या टोळ्या रस्त्यानं जाताना लहानपणापासून बघितल्या असशील. मुकादम एका कोयत्यामागं, म्हणजे एका नवरा-बायकोमागं, उचल देतो. बेडी कुणी घालत नाही. पण हंगाम संपला तरी उचल फिटत नाही आणि पुढच्या वर्षीची मागचीवर चढते. टोळीतल्या बाईला विचार, ‘तुला कुणी डांबून ठेवलंय का?’ नाहीच म्हणेल. ‘मग जा की घरी’ म्हटलंस तर हसेल. त्या मुलाचे १६ लाख हीच उचल आहे. उलट जास्त वाईट, कारण इथं उचल त्याला मिळालेली नाही, त्यानंच दिली आहे. बापानं रान अडकवून शेकडा तीननं पैसे काढले असतील, तर महिन्याचं नुसतं व्याज ४८ हजार होतं. एवढ्या ओझ्याखालचा मुलगा मॅनेजरला ‘नाही’ कसा म्हणेल?

सक्तीची मजुरी ओळखायच्या ११ खुणा आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं दिल्या आहेत. तुझं पत्र घेऊन मी त्या पेन्सिलीनं मोजल्या. कागदपत्रं काढून घेणं, पगार अडवणं, कर्जाचा फास, बेसुमार जादा काम, लाचारीचा फायदा उठवणं. पाच सरळ दिसतात. धमक्यांबद्दल तू काही लिहिलेलं नाहीस, म्हणून ती मोजली नाही. पण त्याला एकटं गाठून विचारलंस तर तीही निघेल असा माझा अंदाज आहे. इंग्लंडच्या २०१५ च्या मॉडर्न स्लेव्हरी कायद्यात एक गोष्ट स्पष्ट लिहिली आहे: माणसानं स्वतः होकार दिला होता एवढ्यानं गुन्हा पुसला जात नाही. म्हणजे ‘तो स्वखुशीनं करतोय’ हे वाक्य तुझ्या मॅनेजरला वाटतं तेवढं कामाचं नाही. आणि हे केअरच्या क्षेत्रात कधी घडलंच नाही असं समजू नकोस. उत्तर वेल्समधल्या केअर होम्समध्ये ५० हून जास्त भारतीय विद्यार्थी अशा पिळवणुकीत सापडल्याचा संशय तिथल्या सरकारी यंत्रणेनं फेब्रुवारी २०२३ मध्ये उघड सांगितला होता.

आता हिशोब. एप्रिल २०२५ ते मार्च २०२६ या वर्षात २१ वर्षांवरच्या माणसाचं किमान वेतन ताशी १२.२१ पौंड होतं. ३९ तासांचे ४७६ झाले. ७० तासांवर पसरले की ताशी ६ पौंड ८० पेन्स. खोलीचे १२० वजा केलेस की ५ पौंड ९ पेन्स, तेही टॅक्स कापायच्या आधी. मालकानं राहायची जागा दिली तर किमान वेतनातून त्यापोटी त्या वर्षी दिवसाला १०.६६, म्हणजे आठवड्याला ७४.६२ पौंडच धरता येत होते, १२० नव्हे.

पण मला त्या आकड्यापेक्षा ती खोलीच जास्त खटकली. स., ते घर कुणाचं आहे? सपोर्टेड लिव्हिंगची सगळी मांडणीच अशी, की राहणारी माणसं भाडेकरू असतात. घरमालक वेगळा, बहुतेक वेळा हाउसिंग असोसिएशन, म्हणजे घरं भाड्यानं देणारी संस्था, आणि सेवा देणारी तुमची कंपनी वेगळी. भाडं काकांच्या आणि बाकी दोघांच्या हाउसिंग बेनिफिटमधून जातं. बॉक्स रूम आहे ती रात्री स्लीप-इन करणाऱ्यासाठी, म्हणजे गरज पडली तर उठायचं म्हणून तिथंच झोपणाऱ्या कर्मचाऱ्यासाठी. म्हणजे कंपनी स्वतःच्या नसलेल्या घरातल्या एका खोलीचं भाडं आपल्याच नोकराकडून वसूल करतेय. मित्राच्या बाबतीत ‘घर त्यांचं, आपण कोण’ म्हणणाऱ्या मॅनेजरना बॉक्स रूमच्या बाबतीत हे का आठवलं नाही?

स्लीप-इनवरून ते तुला २०२१ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल ऐकवतील. निकाल खरा आहे. झोपायची परवानगी असलेल्या शिफ्टमध्ये झोपेच्या तासांना किमान वेतन लागू होत नाही. पण कामासाठी जागं राहावं लागलं तेवढा वेळ धरावाच लागतो. रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी कुणाला फिट आली आणि अडीच-पावणेतीनपर्यंत तो मुलगा शेजारी बसला, तर तो वेळ कामाचा. त्याला सांग, साधी वही कर आणि अशा वेळा रोजच्या रोज लिहून ठेव. महिन्याभरानं आठवून लिहिलेल्या वहीला कुणी विचारत नाही.

काकांकडं येते.

कोकिळा कावळ्याच्या घरट्यात अंडी घालते आणि कावळा ती उबवत बसतो. इंग्रजीत कोकिळेच्या जातीला ‘ककू’ म्हणतात. इथले पोलीस ह्या प्रकाराला ‘ककूइंग’ म्हणतात, त्याचा अर्थ तेवढाच. एकट्या, भोळ्या, आजारी किंवा व्यसनी माणसाशी मैत्री करायची, त्याच्या घरात हातपाय पसरायचे आणि मग ते घर वापरायचं. कधी त्याच्या बेनिफिटवर जगायला, कधी शहरातल्या टोळीचं ड्रग्ज लपवायला. घरचा धनी खुर्चीत आणि पाहुणा पलंगावर, हे तू लिहिलंस ना, ते वाचून माझ्या पोटात गोळा आला. आता हेही बघ: काकांचं एटीएम कार्ड कुठं आहे? फ्रिज मंगळवारी भरतो आणि गुरुवारी रिकामा होतो का? घरात अनोळखी चार्जर, जादा फोन दिसतात का? काकांनी शेवटचं बसनं जाणं कधी केलं? वेळापत्रक पाठ असलेला माणूस बस पकडायचा थांबला असेल, तर ते मला कुठल्याही फॉर्मपेक्षा जास्त सांगतं.

मॅनेजरचं ‘त्यांचा निर्णय त्यांचा’ हे म्हणणं अर्धं बरोबर आहे, म्हणून तर ते पचतं. २००५ च्या मेंटल कपॅसिटी कायद्यात तत्त्वच आहे की निर्णय शहाणपणाचा नाही एवढ्यावरून माणसाला निर्णयक्षमता नाही असं धरायचं नाही. चांगलं तत्त्व आहे. काकांसारख्या माणसांना पूर्वी संस्थांमध्ये कोंडून ‘तुम्हाला काय कळतंय’ म्हणत आयुष्यं काढायला लावली. २०११ मध्ये ब्रिस्टलजवळच्या विंटरबोर्न व्ह्यू या खाजगी हॉस्पिटलमधला छळ टीव्हीवर दिसला, तेव्हा कुठं सरकारला अशा माणसांना हॉस्पिटलांतून बाहेर आणायची निकड कळली. स्वतःचं घर, स्वतःची किल्ली ही त्यांची हक्काची कमाई आहे. पण भिऊन दिलेला होकार हा निर्णय नव्हे. आणि २०१४ च्या केअर अ‍ॅक्टच्या कलम ४२ खाली कौन्सिलनं, म्हणजे स्थानिक प्रशासनानं, चौकशी करायला तीनच गोष्टी लागतात: माणसाला देखभालीची गरज आहे, त्याचा छळ किंवा हेळसांड होतेय किंवा होण्याचा धोका आहे, आणि त्या गरजेमुळं तो स्वतःला वाचवू शकत नाही. निर्णयक्षमता नसली पाहिजे अशी अट त्यात कुठंही नाही. पुरावा गोळा करणं तुझं काम नाही, शंका पुरते.

मी स्वतः ह्यात एकदा सपशेल चुकले आहे. एका कौन्सिलच्या नोकरीत असताना एका बाईंच्या घरी गेले होते. दार त्यांच्या ‘चुलतभावानं’ उघडलं. चहा त्यानं केला, माझ्या प्रश्नांची उत्तरं त्यानं दिली, औषधांची नावंसुद्धा त्याला पाठ. बाई कोपऱ्यात हसत बसल्या होत्या. मी फाइलमध्ये लिहिलं, ‘कुटुंबाचा उत्तम आधार’. सात महिन्यांनी कळलं की तो कुणाचाच भाऊ नव्हता. बाईंना एकटीला भेटायचं मला सुचलं नाही, कारण चहा गरम होता आणि पुढची भेट पाऊण तासावर होती. म्हणून सांगते, काकांशी घरात बोलू नकोस. बसनं ने. वरच्या मजल्यावर पुढच्या सीटवर बसा, त्यांना स्टॉप सांगू दे, आणि मग सहज विचार: तो आला की तुम्हाला बरं वाटतं का? त्यानं येऊ नये असं कधी वाटतं का? उलटतपासणी नको. ते म्हणतील ते शब्द तसेच्या तसे लिहून ठेव. त्या मित्राशी मात्र एक अक्षर बोलू नकोस. तू शिफ्ट संपवून घरी जातेस, काका तिथंच राहतात.

आता ह्या दोन गोष्टी तू ‘दुसरं म्हणजे’ म्हणून वेगळ्या लिहिल्यास, त्या वेगळ्या नाहीत. रात्री त्या घरात कोण असतं? ७० तास भरलेला तो मुलगा. तो मित्र दारात उभा राहिला तर त्याला अडवायचं कुणी? त्यानंच. आणि त्यानं काही पाहिलं, तर सांगेल कुणाला? ज्याच्या कपाटात त्याचा पासपोर्ट आहे त्याला? काकांच्या दारावरचा पहारेकरीच अडकलेला आहे. त्या मित्रासारख्या माणसांना असं घर लांबून ओळखू येतं. बाहेरून तपासणारे म्हणशील, तर केअर क्वालिटी कमिशन तुमची सेवा तपासतं, घर तपासत नाही. घरमालक घर बघतो, सेवा बघत नाही. दोन घरचा पाहुणा उपाशी, तसं काकांचं झालंय. कंपन्यांच्या वेबसाइटवर गुलामगिरीविरोधी निवेदनं असतात, त्यांवर फार जाऊ नकोस. वर्षाची उलाढाल ३.६ कोटी पौंडांच्या खाली असेल तर ते निवेदनसुद्धा सक्तीचं नाही.

मग करायचं काय? तुझ्या नवऱ्याचं म्हणणं मी उडवून लावत नाही. घर चालवायचंय, मुलगी शाळेत आहे, भीती खरी आहे. म्हणून कामाला लागायचं ते आधी स्वतःच्या कागदांपासून. आज रात्रीच यूकेव्हीआयचं, म्हणजे इथल्या व्हिसा विभागाचं, अकाउंट उघडून बघ, त्यात ईमेल आणि मोबाइल नंबर कुणाचा आहे. आता व्हिसा ऑनलाइन असतो. कित्येक एजंट ते अकाउंट स्वतःच्या ईमेलवर काढून ठेवतात. पासपोर्ट कपाटात ठेवायची गरजच राहिली नाही त्यांना, पासवर्ड ठेवला की झालं. ईमेल दुसऱ्याचा असेल तर बदलून घे. पेस्लिप, बँकेचे उतारे, करार, रोटा यांच्या प्रती कंपनीच्या फोनवर नव्हे, स्वतःकडं ठेव. पण काकांच्या केअर प्लॅनचे फोटो काढू नकोस. ती त्यांची खाजगी माहिती आहे आणि तुला कामावरून काढायला आयतं निमित्त मिळेल.

दुसरं, काकांसाठी फोन. कौन्सिलच्या अ‍ॅडल्ट सेफगार्डिंग टीमला, म्हणजे दुबळ्या प्रौढांच्या संरक्षणाचं काम बघणाऱ्यांना, कुणीही फोन करू शकतं, मॅनेजरची परवानगी लागत नाही. बोलताना खुर्ची, पलंग, मंगळवार, कार्ड असं जे पाहिलं ते सांग, ‘मला वाटतं’ पासून सुरुवात करू नकोस. फोन केल्याची तारीख, वेळ आणि समोरच्याचं नाव लिहून ठेव. त्या माणसानं घरात धिंगाणा घातला, काकांवर हात उगारला तर थेट पोलिसांना ९९९ वर फोन. केअर क्वालिटी कमिशनलाही कळव. ही लोकहिताची बाब आहे अशा वाजवी समजुतीनं माहिती देणाऱ्या कामगाराला १९९८ च्या कायद्याचं संरक्षण आहे. हे संरक्षण म्हणजे चिलखत नव्हे, मालकानं त्रास दिला तर दाद मागायचा हक्क आहे. युनिसनसारख्या युनियनची सभासद नसशील तर फोनच्या आधी हो. नंतर झालीस तर जुन्या भांडणात ते पडत नाहीत.

मुलाचं प्रकरण नाजूक आहे. त्याला न विचारता त्याच्या वतीनं धावू नकोस. पीडितांना मदत मिळण्याची इथली अधिकृत वाट म्हणजे नॅशनल रेफरल मेकॅनिझम, आणि प्रौढ माणसाला त्यात त्याच्या संमतीशिवाय घालता येत नाही. नाव पोलीस, कौन्सिल किंवा सॅल्व्हेशन आर्मीसारख्या ठरावीक संस्थाच पाठवू शकतात. त्यातून सुरक्षित निवारा, सल्ला, सावरायला वेळ मिळतो. व्हिसा आपोआप मिळत नाही, हे त्याला आधीच सांग, नाहीतर पुढं तुझ्यावरचा विश्वास जाईल. म्हणून त्यानं आधी वकील किंवा इमिग्रेशन अ‍ॅडव्हाइस अथॉरिटीकडं नोंद असलेला सल्लागार गाठावा. कट्ट्यावरचा ‘सगळं करून देतो’वाला नको, तसल्यानंच त्याला इथवर आणलंय. पगाराच्या तक्रारीसाठी एकासला, म्हणजे कामगार-मालक तंट्यांवर सल्ला देणाऱ्या सरकारी संस्थेला, विचारता येतं, फुकट. पासपोर्ट मात्र आजच मागू दे, तोंडी नाही, व्हॉट्सअ‍ॅपवर: ‘माझा पासपोर्ट शुक्रवारपर्यंत परत द्यावा.’ दिला तर उत्तम, नाही दिला तर त्याच्या हातात लेखी पुरावा आला. भारतीय पासपोर्ट ही कायद्यानं भारत सरकारची मालमत्ता आहे, मॅनेजरच्या कपाटाची नाही. हाय कमिशनकडं तक्रार करता येते.

एक कडू गोष्ट लपवत नाही. चौकशीत कंपनीचं स्पॉन्सर लायसन्स, म्हणजे परदेशी कामगार ठेवायचा परवाना, गेलं तर झळ तुलाही बसेल. जुलै २०२२ ते डिसेंबर २०२४ मध्ये केअर क्षेत्रातली ४७० हून जास्त लायसन्स रद्द झाली, त्या कंपन्यांशी ३९ हजारांहून जास्त कामगार जोडलेले होते. त्यातल्या कित्येकांचा काहीच दोष नव्हता. अशा वेळी साधारण ६० दिवस मिळतात, पण ते नोकरी गेल्या दिवसापासून नव्हे, होम ऑफिसचा, म्हणजे इथल्या गृहखात्याचा, निर्णय येतो तिथपासून. तेवढ्यात नवा स्पॉन्सर शोधून नवा अर्ज करावा लागतो. त्यातल्या त्यात बरं म्हणजे जुलै २०२५ पासून परदेशातून नवे केअर वर्कर आणणं बंद झालंय, त्यामुळं ज्यांना माणसं हवीत त्यांना इथं असलेल्यांतूनच घ्यावी लागतात. तू चौकशी आत्तापासून कर, गुपचूप. नोकरी शोधणं हा गुन्हा नाही.

आणि ह्या दोरीचं दुसरं टोक जतमध्ये आहे, ते कुणी बघत नाही. परदेशात माणसं पाठवणाऱ्या एजंटाला परराष्ट्र मंत्रालयाची नोंदणी लागते, आणि नोंदणी असली तरी ३० हजार रुपये आणि त्यावर जीएसटी यापेक्षा जास्त फी घेता येत नाही. १६ लाख कशाचे? पावती नसली तरी बँकेतून किंवा फोनवरून गेलेल्या रकमांचा माग राहतो, त्याच्या बापाला ते उतारे काढून ठेवायला सांग. पैसे विनापरवाना सावकाराकडून घेतले असतील तर २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी कायद्याखाली सांगलीला सहकारी संस्थांच्या जिल्हा उपनिबंधकांकडं तक्रार करता येते. सावकारानं जमीन खरेदीखतानं लिहून घेतली असली तरी चौकशी होऊन ती परत देण्याची तरतूद आहे. घरच्या व्याजाचा फास थोडा सैल झाला तर इथं त्या मुलाचा आवाज फुटेल. बापाशी तू स्वतः बोल. आपल्या बाजूच्या बाईचा फोन आला तर तो माणूस बोलेल, इंग्रजीतलं पत्रक वाचून बोलणार नाही.

सीनियर म्हणून तुझ्या हातात आणखी एक आहे. नवा माणूस शिफ्टवर आला की पहिल्याच आठवड्यात, घराबाहेर, त्याच्या भाषेत विचारत जा: यायला किती दिलेस, पासपोर्ट कुठाय, अकाउंटचा ईमेल कुणाचा. चहा प्यायला लागतो तेवढाच वेळ लागतो ह्याला.

तुझं पत्र माझ्याकडं पोचायला आणि हे छापून यायला दिवस गेलेत. पुढचा चौथा मंगळवार कॅलेंडरवर किती तारखेला येतोय ते बघ, आणि कौन्सिलला फोन त्याच्या आत कर.

तुझी,
ताई